अंतराने भागल्यावर

बिल्डरने पाठवलेला नकाशा परबकाकांनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ह्या काय गो? बिल्डिंग आसा काय पोस्टातला कपाट?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. चौकटीला चौकट चिकटवून बावीस मजले काढले होते, वर बारीक आकडे. कुंडलिक परब आमच्या नवपालवी सोसायटीचे सेक्रेटरी. वडील गिरणीत होते, हे स्वतः टेलिफोन खात्यात, आणि निवृत्तीनंतर आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप. मुलुंडची आमची चार मजली जुनी इमारत पाडून तिथे दोन विंगचा टॉवर उभा राहिला होता. तीन वर्षं भाड्याच्या घरांत पांगलेल्या मेंबरांनी आता आपापला फ्लॅट निवडायचा होता. मीटिंग घेतली असती तर मारामाऱ्या झाल्या असत्या. म्हणून ठरलं, की चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे आणि ज्याचा नंबर येईल त्याने घरबसल्या मोबाइलवर फ्लॅट निवडायचा.

"मधू, तू त्यातलीच ना? काहीतरी झकास कर," काका म्हणाले.

मी त्यातलीच. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीसाठी वेबपेजं बनवते. बहुतेक दिवस घरूनच. आठवड्यातून दोनदा मेट्रोने ऑफिसला जाते आणि तिथे हेडफोन लावून बसलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलांशेजारी मीही हेडफोन लावून बसते. काकांना मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं, मधुवंतीला सोसायटीची किती कळकळ. कळकळ वगैरे काही नव्हती. मला ए विंगमधला १२०३ हवा होता आणि शेजारच्या १२०४ मध्ये शुभाताई हव्या होत्या. फ्लॅट निवडायचं पान माझ्या हातात असलं की तेवढं तरी डोळ्यांसमोर राहील, असं वाटलं होतं.

शुभाताई दाते जुन्या इमारतीत माझ्या शेजारी राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, सडसडीत, औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षरही वाचून मगच चमचा भरणाऱ्या. माझी आई गेली त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी दार उघडून म्हटलं, "कॉफी टाकलीये, ये." मी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपणहून गेले. मग रोजच जायला लागले. माझा निळ्या काठाचा कप त्यांच्या फडताळात राहायला लागला. त्यांच्या गॅलरीत दोन खुर्च्या असायच्या आणि आम्ही त्यात बसून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायचो. दिवसभरात माझ्या घशातून निघालेला पहिला आवाज बऱ्याचदा तिथेच निघायचा.

इमारत रिकामी करताना शुभाताई बहिणीजवळ म्हणून घाटकोपरला गेल्या. मी मुलुंडमध्येच राहिले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्रेन दिसेल अशा जागी. निघताना त्यांनी तो कप वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "घेऊन जा गं, सामानात फुटेल." मला तेव्हा त्यात काळजी दिसली.

सुरुवातीला ऑफिसच्या दिवशी मी घाटकोपरला मेट्रोतून उतरले की आधी त्यांच्याकडे जायचे. मग त्यांनी सांगितलं की मंगळवारी त्या नसतात. मग गुरुवारी बहिणीकडे जेवण असायला लागलं. मग फोन उरला. फोनवरही "चल, ठेवते" असं त्याच म्हणायच्या. मी कधी आधी फोन ठेवल्याचं मला आठवत नाही. तीन वर्षं मी स्वतःला सांगत होते की हे सगळं भाड्याच्या घरांमुळे आहे. एकदा भिंतीला भिंत लागली की सगळं पूर्वीसारखं होईल.

तर ते पान. गेटपाशी उभं राहून मान वर केली की टॉवर जसा दिसेल, तसाच मी पडद्यावर उभा केला. खालचे मजले मोठे, वरचे लहान होत गेलेले, मागे कललेले. मोबाइलवर बोट सरकवलं की इमारत किंचित हलायची. काकांनी ते पान सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा एकेकाने पसंतीच्या अंगठ्यांची माळ लावली. फ्लॅटच्या नंबरांची लेबलं इमारतीबरोबर तिरकी झाली असती तर म्हाताऱ्या मंडळींना वाचता आली नसती. म्हणून लेबलं मी इमारतीच्या पुढे एक काच धरावी आणि तिच्यावर चिकटवावीत तशी सरळ ठेवली. बोट टेकायचं तेही त्या काचेवर. बोटामागे कुठला फ्लॅट येतो, हे माझा हिशोब ठरवायचा. मग एक चौकट यायची: "ए-१२०३. नक्की?" हो किंवा नाही.

हा हिशोब वाटतो तितका सोपा नसतो. तिरक्या वस्तूची जागा ब्राउझरला विचारली तर तो तिच्याभोवती एक सरळ चौकोन आखून मोकळा होतो, की बाई, तुझी वस्तू ह्याच्या आत कुठेतरी आहे. नेमकी जागा हवी असेल तर आपण मोजायची. प्रत्येक बिंदूचे चार आकडे निघतात. आडवा, उभा, खोल आणि चौथा, जो सांगतो की हा बिंदू बघणाऱ्यापासून किती लांब गेला आहे. बाकीच्यांना ह्या चौथ्याने भागायचं. भागलं की बिंदू डोळ्यांना जिथे दिसतो तिथे येऊन बसतो. न भागता काढलेली जागा कागदावर सुबक असते आणि चूक असते.

हे मला येतं. मी ऑफिसातल्या पोरांना शिकवलंय. आणि तरी मी काय करावं? इमारतीची वरची आणि खालची कड नीट भागून काढली आणि मधल्या उंचीचे बावीस सारखे तुकडे पाडले. काकांचे फोनावर फोन येत होते, आणि मला वाटलं, मजले सारख्याच उंचीचे तर आहेत. पान तपासलं तेही प्रत्येक वेळी लेबलावर बोट टेकवून. लेबल आणि हिशोब दोन्ही एकाच चुकीतून जन्मलेले, ते एकमेकांना खोटं कशाला पाडतील? सगळं बरोबर आलं. खिडकीच्या चित्रावर बोट ठेवून बघायचं मला सुचलंच नाही, कारण मी स्वतः लेबलं वाचणाऱ्यांतली.

चिठ्ठीत माझा नंबर लवकर आला. मी ए-१२०३ घेतला आणि शुभाताईंना फोन केला. "शेजारचा बाराशे चार मोकळा आहे. तुमच्या नंबरापर्यंत राहील असं वाटतंय. तोच घ्या."

"बघू गं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आधीच्या प्रत्येक मेंबराच्या वेळी माझा जीव टांगणीला लागायचा. ऑफिसची मीटिंग चालू असताना लॅपटॉपवर दुसऱ्या विंडोत मी ते पान उघडं ठेवायचे आणि कोणी बाराव्याच्या आसपास आलं की मीटिंगमधलं काही ऐकू येईनासं व्हायचं. पण १२०४ राहिला. मग शुभाताईंचा नंबर आला आणि पानावर त्यांचं नाव उमटलं. बी विंग, १०२. दुसरी विंग आणि अगदी पहिला मजला.

मी फोन केला नाही. चुकलं असेल, एवढंच स्वतःशी म्हटलं. आणि दुसऱ्याच दिवशी परबकाकांनी मला तसं म्हणायला जागा दिली.

"मधू, माझो फ्लॅट खंय गेलो?" त्यांचा आवाज चढला की ते सरळ मालवणीत शिरतात. "नववो दाबलंय, अकराव्यार गेलंय! कमलेकराचो पण तसोच झालो. सगळ्यांची वाट लागली हा!"

"काका, नक्की का म्हणून चौकट आली होती ना? तिच्यात नंबर होता."

"ती कोण वाचता?"

खरंच, ती कोण वाचतं? मी पान उघडलं आणि पहिल्यांदाच लेबलाऐवजी खिडकीवर बोट ठेवलं. नवव्या मजल्याची खिडकी, आणि चौकटीत अकरा. बाराव्याची, आणि चौकटीत चौदा. चूक माझीच होती हे कळलं आणि त्याच्या पाठोपाठ मला लाज वाटावी इतका आनंद झाला. म्हणजे शुभाताईंचंही चुकलं होतं. त्यांनी बाराशे चारच दाबला होता आणि माझ्या गाढवपणाने त्यांना खाली ढकललं होतं.

बिल्डर समजूतदार निघाला. काकांनी संध्याकाळी निरोप दिला की रविवारपर्यंत ज्यांचं चुकलं त्यांची नावं कळवायची, त्यांना हवा होता तो फ्लॅट बदलून मिळेल. बोट कुठे टेकलं याची नोंद पानाकडे असतेच. ती वाचायला सोसायटीत माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"तू सांगशील ता खरा," काका म्हणाले. "बिल्डर काय, मी काय, आमका त्यातला काय कळता?"

त्या आठवड्यात शुक्रवारीही ऑफिस होतं; तिथून निघाले ती घाटकोपरला उतरून थेट शुभाताईंकडे गेले. न सांगता. त्यांनी दार उघडलं, क्षणभर थांबल्या आणि हसल्या. "अगं, तू? ये, ये."

घर नीटनेटकं होतं. रेडिओवर बारीक आवाजात काहीतरी चालू होतं, तो त्यांनी बंद केला. गॅलरीत एकच खुर्ची होती. तिच्यावर उघडं पुस्तक पालथं घातलेलं, शेजारच्या तिपाईवर चष्मा आणि अर्धी प्यालेली कॉफी. त्यांनी माझ्यासाठी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि कॉफी दिली ती कपबशीतून. सोनेरी कड असलेल्या, पाहुण्यांच्या.

मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. पान माझं चुकलं, मजले सरकले, लोकांचे फ्लॅट भलतीकडे गेले. "म्हणजे तुमचंही तसंच झालं असणार. तुम्ही ए-बाराशे चारच दाबला होता ना?"

शुभाताईंनी माझ्या बशीतला चमचा सरळ केला. मग स्वतःच्या कपाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "असेल गं. मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणजे दाबला होता?"

"तू म्हणतेस तर तसंच झालं असेल."

"मग बदलून घेऊ ना? रविवारपर्यंत वेळ आहे. मी नुसतं नाव सांगायचं, बस."

त्यांनी बराच वेळ खाली रस्त्याकडे पाहिलं. कुणाला नावं ठेवण्याजोगं तिथे कोणी नव्हतं. "तुला बरं वाटत असेल तर बदल," त्या म्हणाल्या.

त्या हे प्रेमाने म्हणाल्या, ह्यात मला आजही शंका नाही. मी कॉफी संपवली. मला बाहेर सोडताना त्यांनी पायऱ्यांवरचा दिवा लावला आणि मी खालच्या वळणावर पोचेपर्यंत दार लावलं नाही. वळणावरून पुढे गेले आणि वरून रेडिओ पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

शनिवारी सकाळी मी हिशोब नव्याने लिहायला घेतला. खरं तर लिहायची गरज नव्हती. मला परवाच कळायला हवं होतं, किंवा कळलं होतं आणि मी तिकडे पाठ करून बसले होते. सारखे तुकडे पाडण्याची चूक मधल्या मजल्यांवर सगळ्यात मोठी होते. दोन्ही कडांना ती संपते, कारण कडा मी नीटच काढल्या होत्या. बाराव्यावर बोट ठेवलेला माणूस चौदाव्यावर जातो. पहिल्यावर तो कसा जाईल, आणि तेही दुसऱ्या विंगमध्ये? पहिल्या मजल्यावर माझं पान चुकतच नव्हतं.

तरी मी लिहिलं. मला कुठूनतरी निघालेली एखादी फट हवी होती. प्रत्येक फ्लॅटचे चारही कोपरे, प्रत्येक कोपऱ्याचे चार आकडे, आणि प्रत्येकाला त्याच्या अंतराने भागणं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, वरण गार झालं. दुपारी लेबलं हलली आणि एकेक करून आपापल्या खिडकीवर जाऊन बसली. मग मी नोंदीतली सगळ्यांची बोटं लाल ठिपक्यांनी त्या चित्रावर मांडली. परबकाकांचा ठिपका नवव्याच्या खिडकीच्या बरोबर मधोमध होता. सरळ माणूस. कमलेकरांचा, आणखी पाचजणांचा, सगळे आपापल्या खऱ्या खिडकीत. हिशोब आता बरोबर होता.

मग शुभाताईंची नोंद उघडली. त्यांचे ठिपके दोन होते.

पहिला ए विंगमध्ये, बाराव्या मजल्यावर. खिडकीवर नव्हे, लेबलावर. आमच्या दोघींच्या सवयी सारख्याच. लेबलावर बोट टेकवल्यामुळे चौकटीत नंबरही अगदी बरोबर आला होता. "ए-१२०४. नक्की?" ती चौकट त्यांच्यासमोर बराच वेळ उघडी होती. चष्मा पुसून दोनदा वाचली असती तरी उरला असता इतका वेळ. मग "नाही". आणि मग दुसरा ठिपका, बी-१०२ च्या ऐन मध्यावर, आणि त्याला "हो". तिथे त्या अजिबात थांबल्या नव्हत्या.

मी रडले. खुर्चीत बसून, तोंडावर ओढणी धरून, भाड्याच्या घराच्या भिंती पातळ असतात म्हणून. मला त्यांचा राग आला. मग आठवायला लागलं. वर्तमानपत्रातला कप. मंगळवार. गुरुवार. आणि ते "कॉफी टाकलीये, ये". ते त्यांनी एकदाच म्हटलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं मी न बोलावता जात राहिले आणि त्या दार उघडत राहिल्या. एकट्या माणसाला संध्याकाळ नकोशी असते, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मला ती नकोशी होती. त्यांना ती हवी असेल, एक खुर्ची, पुस्तक आणि रेडिओसकट, हे माझ्या मनातही आलं नाही. त्या माझ्यापासून किती लांब आहेत हे मी कधी मोजलंच नाही.

आणि तरीसुद्धा १२०४ अजून मोकळा होता. एक नाव सांगायचं होतं, बस. काका विचारणार नव्हते. शुभाताई तर आधीच हो म्हणून बसल्या होत्या. त्या सामान घेऊन वर आल्या असत्या, फडताळात माझ्या कपाला जागा केली असती आणि मरेपर्यंत मला काही बोलल्या नसत्या. मला ते इतकं हवं होतं की मी फोन हातात घेतला, काकांचा नंबर काढला आणि परत खाली ठेवला. मग गार वरणभात खाल्ला. मग लावला.

"काका, लिहून घ्या. सात जणांचं चुकलंय." मी नावं सांगितली, त्यांचंही.

"आणि शुभाताई? ती तुझ्या बाजूक येवची होती ना?"

"त्यांचं बरोबर आहे."

"बी विंग? पयलो मजलो?"

"हो."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, काका. बरोबर आहे."

काका कधी नव्हे ते हळू आवाजात "बरा" म्हणाले आणि लिफ्टच्या कंपनीबद्दल बोलायला लागले.

संध्याकाळी, आमच्या कॉफीच्या वेळेला, मी शुभाताईंना फोन केला. दोनच रिंगमध्ये त्यांनी उचलला.

"मी हिशोब पुन्हा केला," मी म्हटलं. "पान बऱ्याच लोकांचं चुकलं. तुमचं नाही चुकलं. बी-एकशे दोन बरोबर होता. तोच ठेवायला सांगितलाय."

पलीकडे रेडिओ चालू होता. तो त्यांनी बंद केला नाही, फक्त बारीक केला.

"मधू," त्या म्हणाल्या. "वाईट नको वाटून घेऊस गं."

"वाटलंय," मी म्हटलं. "होईल कमी."

"तुझा तो निळा कप आहे का अजून?"

"आहे."

"नव्या घरी रविवारी घेऊन ये. रविवारी कॉफी माझ्याकडे." आणि किंचित थांबून, बँकेतल्या बाईंच्या त्या स्पष्ट आवाजात, "दर रविवारी."

आठवड्यातली एक संध्याकाळ. ह्या वेळी बोलावून. मी हो म्हटलं. त्यांच्या मागे रेडिओवर कोणीतरी हसत होतं, आणि त्यांना ते ऐकायचं असणार.

"चला, ठेवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.